वहिवाटीचा हक्क

पुढील लेखांत ज्या संगीताचा परिचय मराठी वाचकांस करून देण्याचे योजिले आहे, ते इटलीत १९७१ च्या सुमारास जन्मास आले, चार-पाच वर्षे ऐन भरात राहिले आणि ते दशक संपण्यापूर्वीच ओसरले. तथापि त्याचे पुनरुज्जीवन करणारे वादक आज जेनोआसारख्या त्याच्या माहेरच्या शहरात आहेत, तसेच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, मी जेथे राहतो त्या मेलबर्न शहरातही आहेत. जेनोआच्या मंडळींकडे या संगीताचा वारसा भाषेने, भूमीने आणि जुन्या जाणत्यांच्या सहवासाने चालत आला; मेलबर्नच्या मंडळींपाशी यांपैकी एकही सनद नाही. परंतु जमिनीवरचा हक्क दोन प्रकारांनी शाबीत होतो, हे आपल्याकडे कुळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोणाही माणसास ठाऊक आहे : एक वारशाने, आणि दुसरा ती जमीन वर्षानुवर्षे स्वतः कसून, वहिवाटीने. या लेखमालेचे प्रतिपाद्य थोडक्यात सांगावयाचे तर इतकेच, की कलेच्या प्रांतात दुसऱ्या प्रकारचा हक्क पहिल्याहून तसूभरही उणा नाही, आणि इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉकच्या बाबतीत तर, त्या संगीताची मूळ घडण पाहता, तो अंमळ अधिकच बळकट आहे.

ज्यांस या प्रकाराची मुळीच ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत जे रॉक संगीत लोकप्रिय झाले, त्याचा नित्याचा घाट तीन मिनिटांच्या गीताचा होता; एक ध्रुवपद, दोन-तीन कडवी, मध्ये गिटारचा लहानसा तुकडा, आणि समाप्ती. दशकाच्या अखेरीस, विशेषतः १९६९ मध्ये ‘किंग क्रिम्झन’ या इंग्रज वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्यानंतर, हा घाट अपुरा वाटू लागलेल्या तरुण वादकांनी तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच रचनेस द्यावी, तिचे खंड पाडावे, चार मात्रांच्या सरळ चालीऐवजी पाच, सात वा नऊ मात्रांचे हिशेब मांडावे, आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत, जाझ व लोकसंगीत यांच्याकडून मुक्तहस्ताने उसनवारी करावी, असा परिपाठ सुरू केला. या खटाटोपात गिटारच्या बरोबरीने, किंबहुना काही ठिकाणी तिच्याही वर, पेटीवर्गातील वाद्यांस मान मिळाला : हॅमंड ऑर्गन, मूग सिंथेसायझर, आणि बर्मिंगहॅम शहरी १९६३ पासून तयार होऊ लागलेला मेलोट्रॉन.

या मेलोट्रॉनविषयी थोडे विस्ताराने सांगण्याचा मोह मला आवरत नाही, कारण पुनरुज्जीवनाची सगळी मेख त्याच्या यंत्ररचनेत दिसते. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एकेक तुकडा बसविलेला असतो, आणि त्या फितीवर व्हायोलिनांचा, बासरीचा वा मानवी कंठांचा तो एकच स्वर आधी मुद्रित करून ठेवलेला असतो; पट्टी दाबताच फीत मुद्रकशीर्षावरून सरकू लागते आणि तो स्वर ऐकू येतो. परंतु फितीची लांबी सुमारे आठ सेकंदांची. आठ सेकंद संपले की स्वर खुंटतो, आणि बोट उचलून फीत स्प्रिंगच्या ओढीने मूळ जागी परतेपर्यंत तो स्वर पुन्हा लाभत नाही. साहजिकच वादकास एका स्वरसंगतीवर फार काळ विसावता येत नाही; श्वास संपण्यापूर्वी गायकाने जागा शोधावी तसे त्यास पुढच्या स्वरांकडे सरकावे लागते. शिवाय फितींचा वेग किंचित मागेपुढे होत असल्यामुळे स्वरांत एक सूक्ष्म कंप राहतो, आणि त्या कंपातून जो आर्त, धुकट, जणू भिंतीपलीकडून येणारा वृंदनाद निर्माण होतो, त्याची सर नंतरच्या निर्दोष यंत्रांस आलेली नाही. वाद्याची मर्यादा हीच येथे शैलीची जननी झाली. जुन्या संगीताचा जीर्णोद्धार करू पाहणारे आजचे वादक हे अवजड, नाठाळ वाद्य वा त्याची नवी आवृत्ती पैदा करण्यासाठी पदरमोड करतात ते एवढ्यासाठीच.

इटलीत हे वारे पोहोचले तेव्हा तेथील तरुण मंडळी इंग्रजी गाण्यांची इटालियन रूपांतरे गाऊन गुजराण करीत होती. गंमत अशी, की इंग्लंडात ज्यांची फारशी दखल घेतली गेली नव्हती अशा काही इंग्रज वाद्यवृंदांस प्रथम उदंड दाद दिली ती इटालियन श्रोत्यांनी. ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ या वृंदाची ‘पॉन हार्ट्स’ ही १९७१ ची बिकट ध्वनिमुद्रिका इटलीच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली, हे त्या श्रोतृवर्गाच्या तयारीचे प्रमाण होय. ज्या देशात ऑपेराची धून न्हाव्याच्या दुकानातही गुणगुणली जाई, ज्या देशात गावोगावच्या देवळांत नळ्यांचे ऑर्गन होते आणि सणासुदीस चौकात पितळी वाद्यांचा ताफा वाजत असे, तेथे दीर्घ, नाट्यमय, अलंकृत रचनेचे कोणास वावडे असणार? मग दोनच वर्षांत जे काही घडले त्यास विस्फोटच म्हटले पाहिजे. जेनोआच्या ‘न्यू ट्रोल्स’ वृंदाने लुईस बाकालोव या संगीतकाराच्या साहाय्याने १९७१ मध्ये ‘कोंचेर्तो ग्रोस्सो’ रचून जुन्या बरोक घाटाशी सोयरीक जुळविली. नेपल्सच्या ‘ओझान्ना’ मंडळींनी चेहरे रंगवून रंगमंचावर पाऊल ठेवले. व्हेनिसकडील ‘ले ओर्मे’, मिलानची ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’ आणि रोमची ‘बांको देल मूतुओ सोक्कोर्सो’ ही तीन नावे तर घरोघरी पोहोचली.

यांतील ‘बांको’ची पहिली ध्वनिमुद्रिका, सन १९७२ ची, हाती घेऊन पाहण्याचा योग ज्यास आला त्यास त्या काळाची उमेद वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिचे वेष्टन चौकोनी नाही. ते मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेले आहे, आणि गल्ल्याच्या फटीतून कागदाची एक पट्टी बाहेर ओढता येते, जिच्यावर वादकांच्या तसबिरी छापलेल्या आहेत. तबकडी वाजू लागली की विट्टोरिओ आणि जान्नी या नोचेन्झी बंधूंचे पियानो व ऑर्गन परस्परांशी अशा त्वेषाने वादविवाद मांडतात, की ऐकणाऱ्याने कोणाची बाजू घ्यावी हा पेच पडावा. आणि त्या गदारोळावर फ्रांचेस्को दी जाकोमो या स्थूलकाय, दाढीवाल्या गायकाचा उंच, निर्मळ, ऑपेराच्या वळणाचा कंठ तरंगत येतो. रॉक गायकाने ओरडावे, घसा फाडावा असा जो इंग्रजी शिरस्ता, त्याचा या कंठात लवलेशही नाही. त्याच वर्षीच्या ‘डार्विन!’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत तर त्यांनी प्राणिसृष्टीच्या उत्क्रांतीचा विषय घेतला, आणि चार पायांवरचा जीव दोन पायांवर उभा राहून प्रथमच क्षितिज पाहतो तो प्रसंग एका प्रदीर्घ रचनेत उभा केला. एवढा विषय पेलण्याची छाती आणि तो पेलण्यासाठी लागणारा कंठ, दोन्ही त्यांच्यापाशी होते. दी जाकोमो २०१४ मध्ये मोटार-अपघातात गेला. त्या दिवशी इटालियन संगीताचा एक थोरला दरवाजा मिटला असे मी मानतो.

या सर्व मंडळींनी एक मोठी मसलत केली, ती स्वभाषेची. इंग्रजी घाट घ्यावा परंतु त्यात आपली भाषा, आपल्या भाषेचे स्वरान्त शब्द, आपल्या चौकातले ठेके भरावेत, हा त्यांचा निश्चय होता. ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत, ‘स्तोरिया दी उन मिनूतो’त, ‘ए फेस्ता’ या नावाची जी उल्हसित रचना आहे तिच्या पोटात दक्षिण इटलीतील तारांतेल्ला नृत्याची लय स्वच्छ ऐकू येते. पुढे १९७३ मध्ये इंग्लंडातील मँटिकोर कंपनीने त्यांस परदेशच्या बाजारात उतरविले तेव्हा पीट सिनफील्ड या कवीकडून त्याच चालींवर इंग्रजी शब्द लिहवून घेतले, आणि ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ती कारागिरीत कोठेही कमी नाही. तरीही मूळ इटालियन ध्वनिमुद्रिका ऐकून मग तिच्याकडे वळलेल्या श्रोत्यास, स्वच्छ धुऊन इस्त्री केलेल्या परक्या पोशाखात आपलाच आप्त भेटावा तसा संकोच वाटल्यावाचून राहत नाही. सिनफील्डचे शब्द चांगले आहेत. प्रश्न शब्दांच्या अर्थाचा नसून तोंडाच्या ठेवणीचा आहे, आणि दीर्घ स्वरांवर वाढलेली चाल व्यंजनांत अडखळते हे ज्याने एकदा ऐकले त्यास पुन्हा न ऐकल्यासारखे करता येत नाही.

हा बहर इतक्या लवकर का ओसरला, याची कारणे संगीताइतकीच राजकारणात शोधावी लागतात. १९७१ च्या जुलैत मिलानच्या व्हिगोरेल्ली मैदानावर ‘लेड झेपेलिन’च्या कार्यक्रमात दंगल उसळून पोलिसांनी अश्रुधूर सोडला, संगीत सर्वांस फुकट मिळाले पाहिजे अशी मागणी करणारे जमाव पुढे कार्यक्रमागणिक फाटके फोडू लागले, आणि परदेशी वृंदांनी इटलीचा दौरा टाकून दिला. मिलानच्या लांब्रो उद्यानातील तरुणांचा मेळा १९७६ मध्ये मारामारीत आणि लुटालुटीत संपला. देश गोळीबार, अपहरणे आणि बाँबस्फोट यांच्या छायेत वावरत असता ग्रहगोलांच्या रूपककथा ऐकण्याची श्रोत्यांची मनःस्थिती राहिली नाही. शिवाय एकट्या गिटारवर गाणाऱ्या कवी-गायकांनी आणि पाठोपाठ डिस्कोने बाजार काबीज केला. कित्येक वृंद एकच ध्वनिमुद्रिका काढून पांगले. सीमाभागातील बोर्दिगेरा-सानरेमोकडील ‘मूझेओ रोझेनबाख’ या मंडळींची १९७३ ची ‘झाराथूस्त्रा’ ही त्यांपैकीच. तिची कीर्ती झाली ती वादक आपापल्या पोटापाण्याच्या उद्योगास लागल्यानंतर. या विस्मृत तबकड्या जपानी संग्राहकांनी शोधून काढल्या, तोक्योच्या किंग रेकॉर्ड्सने त्या पुन्हा छापल्या, आणि मग इटलीतील तरुण पिढीस आपल्याच घरच्या ठेव्याचा पत्ता जपानहून लागला.

या तरुण पिढीचा अग्रणी म्हणजे जेनोआचा फाबियो झुफांती, आणि त्याचा वाद्यवृंद ‘ला मास्केरा दी चेरा’. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या वृंदाचा संकल्प स्पष्ट होता : १९७२-७३ च्या इटालियन वृंदांनी जी वाद्ये वापरली ती वाद्ये घ्यावयाची, त्यांनी ज्या भाषेत गायिले त्या भाषेत गावयाचे, आणि ते जेथे थांबले तेथून पुढे चालावयाचे. मेलोट्रॉन, मूग, हॅमंड, बासरी, आणि झुफांतीची स्वतःची करकरती, खरखरीत बेस-गिटार यांच्या जोरावर त्यांनी ‘इल ग्रांदे लाबिरिंतो’, ‘लुक्सादे’ अशा ध्वनिमुद्रिका रचल्या. आणि २०१३ मध्ये ‘ले पोर्ते देल दोमानी’ या कृतीत तर ‘ले ओर्मे’च्या १९७३ मधील ‘फेलोना ए सोरोना’ या कथेचा उत्तरार्धच लिहिला. मूळ कथेत दोन ग्रह आहेत, एक प्रकाशात आनंदणारा, दुसरा अंधारात कुढणारा. एकाचे भाग्य उदयास येते तेव्हा दुसऱ्याचे मावळते. चाळीस वर्षांनी परक्या माणसांनी ती कथा पुढे न्यावी, हे धाडस वारसदारांसच शोभणारे होय. त्याच शहरातील ‘इल तेंपिओ देल्ले क्लेसिद्रे’ या वृंदाने आपले नाव ‘झाराथूस्त्रा’तील एका खंडावरून घेतले आणि ‘झाराथूस्त्रा’चा मूळ गायक स्तेफानो गालीफी यासच आपल्यात सामील करून घेतले. या निष्ठेविषयी माझ्या मनात निर्भेळ आदर आहे. परंतु निष्ठेस एक हद्द असते, आणि ‘मास्केरा’ची काही ध्वनिमुद्रणे ऐकताना त्या हद्दीची जाणीव होते : सर्व काही जागच्या जागी असते, मेलोट्रॉन यावा तेव्हा येतो, बासरी थांबावी तेथे थांबते, आणि नेमके म्हणूनच पुढे काय येणार हे श्रोत्यास आधी कळते. १९७२ मध्ये ते कोणासच कळत नव्हते; वादकांसही नाही.

जुने जसेच्या तसे राखावे की पुढे न्यावे, हा प्रश्न मराठी वाचकास नवा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यास रंगभूमीवर आले, पुढे बालगंधर्वांच्या काळात संगीत नाटक वैभवाच्या शिखरावर गेले, बोलपटांच्या आगमनानंतर उतरणीस लागले, आणि अनेक वर्षे त्याच्या नावाने केवळ जुन्या पदांच्या आवृत्त्या होत राहिल्या. ‘मत्स्यगंधा’ १९६४ मध्ये आणि ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये आले तेव्हा जितेंद्र अभिषेकींनी गंधर्व-परंपरेतील तानांची नक्कल केली नाही. पदांचा विस्तार आटोपशीर केला, प्रसंगाची निकड चालीत आणली, गोव्याच्या देवळांतून कानी पडलेले सूर निःसंकोचपणे घेतले, आणि नाट्यसंगीत पुन्हा चालते-बोलते झाले. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या नाट्यसंगीताचा आधारस्वर ज्या पायपेटीने, म्हणजे आपल्या नाटकमंडळ्यांच्या ऑर्गनने धरला, ते वाद्य विलायतेहून आलेले. मिशनऱ्यांच्या प्रार्थनागृहांसाठी घडविलेले ते वाद्य आपल्या वादकांनी मींड आणि श्रुती यांच्या अडचणी पत्करून, तबल्याच्या आणि सारंगीच्या पंक्तीस बसवून, इतके आपलेसे केले की नांदीपूर्वी त्याचा सूर भरला नाही तर प्रेक्षकांस चुकल्यासारखे होई. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त घराण्याची मीमांसा करताना शिस्तीचे महत्त्व सांगितले आहेच, मला येथे पुस्ती जोडावयाची ती एवढीच, की शिस्त पोहोचविता येते, सामग्री मात्र ज्याने त्याने आपल्या गावातून उभी करावयाची असते.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. इटली आणि ऑस्ट्रेलिया यांचा संबंध जुना व दाट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५१ च्या उभयपक्षी करारानंतर, इटालियन कुटुंबे बोटी भरभरून येथे आली, आणि १९७१ च्या शिरगणतीत इटलीत जन्मलेल्या रहिवाशांची संख्या दोन लाख नव्वद हजारांच्या घरात गेली. मेलबर्नचा लायगन स्ट्रीट, सिडनीचा लाइकहार्ट भाग, न्यू साउथ वेल्समधील ग्रिफिथचे द्राक्षमळे, सिडनीहून निघणारे ‘ला फियाम्मा’ आणि मेलबर्नचे ‘इल ग्लोबो’ ही वृत्तपत्रे, या सर्वांनी त्या वसाहतीस आकार दिला. परंतु ज्या संगीताची आपण चर्चा करीत आहोत ते या बोटींतून आले नाही. येथे स्थायिक झालेली पिढी गावाकडून निघाली तेव्हा ते संगीत जन्मलेलेच नव्हते. तिने सोबत आणली ती अकॉर्डियनवरची गावठी गाणी, नेपल्सची प्रेमगीते आणि सानरेमोच्या स्पर्धेतील चाली. परदेशी गेलेला माणूस निघतेवेळचा देश उराशी धरून बसतो, आणि मागे देश बदलत राहतो. आपल्या मेलबर्नच्या मराठी घरांतही, जुन्या भावगीतांच्या पुढे काय झाले याची वार्ता पुष्कळदा उशिराच पोहोचते.

म्हणूनच ‘सेबास्टियन हार्डी’ या सिडनीच्या वृंदाविषयी लिहिताना मी सावधपणे लिहितो. १९७५ च्या त्यांच्या ‘फोर मोमेंट्स’ या ध्वनिमुद्रिकेची पहिली संपूर्ण बाजू चार खंडांच्या एकाच रचनेने व्यापिली आहे. टॉइव्हो पिल्ट याचा मेलोट्रॉन, प्लाव्हसिक बंधूंचे बेस व ड्रम, आणि त्यावर मारिओ मिलो या विशीतल्या तरुणाची लांब पल्ल्याची, गाती गिटार. ऑस्ट्रेलियात या धर्तीचे संगीत एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच उभे राहिले, आणि श्रोत्यांनी ते उचलूनही धरले. मिलो इटालियन वंशाचा. तेव्हा त्याच्या गिटारच्या गेयतेचे श्रेय रक्तास देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि अनेकांनी तसे केलेही आहे. मला ते पटत नाही. ‘रोझाना’ ही त्याची विशुद्ध वाद्यरचना लक्षपूर्वक ऐकली तर तिच्यातील संथपणा, स्वरास्वरांमधली मोकळी जागा, घाई नसलेले उतार यांत मला इटलीचे चौक दिसत नाहीत. दिसतो तो सिडनीच्या दुपारचा विस्तीर्ण उजेड. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेनंतर १९७६ मध्ये वृंद मोडला, मिलो पुढे चित्रपट-दूरदर्शनाच्या संगीताकडे गेला आणि ‘द लाइटहॉर्समेन’सारख्या कृतींस त्याने संगीत दिले, मूळचे चौघे २०११ च्या ‘ब्लूप्रिंट’ या ध्वनिमुद्रिकेसाठी पुन्हा एकत्र आले. मेलबर्नमध्येही त्याच सुमारास ‘रेनबो थिएटर’ नावाचा वृंद पितळी वाद्ये आणि मेलोट्रॉन घेऊन ‘द आर्माडा’, ‘फँटसी ऑफ हॉर्सेस’ अशा ध्वनिमुद्रिका काढून गेला. त्याची आठवण ठेवणारे थोडे आहेत, आणि त्याची स्वतंत्र दखल पुढे घ्यावयाची आहे.

इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक ऑस्ट्रेलियन तरुणांच्या कानी खऱ्या अर्थाने पडले ते एका आडवाटेने, भयपटांच्या मार्गे. दिग्दर्शक दारिओ अर्जेंतो १९७५ मध्ये ‘प्रोफोंदो रोस्सो’ हा चित्रपट करीत असता जोर्जो गास्लिनी या जाझ वादकाने दिलेले संगीत त्याच्या मनास उतरले नाही, म्हणून त्याने क्लाउदिओ सिमोनेत्ती आणि त्याच्या अल्पपरिचित सोबत्यांस पाचारण केले. त्या मंडळींनी ‘गॉब्लिन’ हे नाव धारण करून जी मुख्य धून दिली ती इटलीत खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. ती धून साधी नाही. गिटार आणि पेटीवरची एक छोटी आकृती पुनःपुन्हा फिरते, परंतु तिची सम आपण धरतो तेथे पडत नाही. कान दर आवर्तनास किंचित पुढे झुकतो आणि फसतो, आणि नेमक्या त्या अस्थैर्यावर प्रार्थनामंदिरातल्यासारखा ऑर्गनचा घनगंभीर नाद येऊन कोसळतो. १९७७ च्या ‘सुस्पीरिया’त त्यांनी बझुकी आणि चक्क तबलाही योजिला, घंटांच्या नादावर कुजबुजते कंठ आणले, आणि भय ही केवळ प्रसंगाची नव्हे, नादाचीच गोष्ट आहे हे सिद्ध केले. ज्यांस इटालियनचे एक अक्षर कळत नाही अशा परदेशी श्रोत्यांपर्यंत ‘बांको’ पोहोचली नाही, कारण तिचा प्राण शब्दांत होता. ‘गॉब्लिन’ पोहोचली, कारण तिने बव्हंशी शब्दांवाचून काम भागविले. चित्रफिती आणि पुनर्मुद्रित तबकड्या यांच्या द्वारे तिचे सूर मेलबर्नच्या गल्लीबोळांतील तालीमखोल्यांत शिरले.

तेथून ‘द नाइट टेरर्स’ या मेलबर्नच्या वृंदाचा उगम होतो. या वृंदात गायक नाही, आणि गिटारचे स्थान थेरेमिन या वाद्यास दिलेले आहे. रशियन शास्त्रज्ञ लेव तेरमेन याने १९२० च्या सुमारास सिद्ध केलेले हे वाद्य वादक हाताने शिवत नाही : पेटीच्या एका बाजूस उभी काठी, दुसऱ्या बाजूस आडवे वळे, आणि त्यांच्या भोवतालच्या विद्युत्क्षेत्रात हात पुढेमागे केल्याने उजवीकडे स्वराची उंची व डावीकडे त्याची तीव्रता बदलते. पडदा नाही, तार नाही, पट्टी नाही. बोट जरा हलले तरी स्वर घसरतो, म्हणून वाजविणाऱ्यास जवळजवळ निश्चल उभे राहून श्वासही जपून घ्यावा लागतो. मायल्स ब्राउन हा या वृंदाचा थेरेमिनवादक. त्याच्या हातून निघणारी अखंड, कंपित, मींडेने ओथंबलेली स्वररेषा ऐकताना मला प्रत्येक वेळी गायकाची आठवण होते, आणि ‘गॉब्लिन’च्या शब्दहीन संगीतात जी गायकाची जागा रिकामी राहिली होती ती येथे भरून निघाली असे वाटते. इटालियन मंडळींनी हे वाद्य मध्यवर्ती केले नव्हते. म्हणजे पहिल्याच पावलास या वृंदाने नक्कल सोडली आणि शिस्त ठेवली.

परंतु त्यांचे खरे कर्तृत्व २०१४ च्या ‘पाव्होर नॉक्टर्नस’ या ध्वनिमुद्रिकेत आहे, आणि ही सारी लेखमाला लिहावी असे ज्या कृतीमुळे वाटले ती हीच. तिच्यासाठी त्यांनी मेलबर्नच्या टाउन हॉलमधील महाऑर्गन योजिला. स्वॉन्स्टन आणि कॉलिन्स या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर १८७० मध्ये उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत दोनच वर्षांनी लंडनच्या हिल कंपनीचा ऑर्गन बसविण्यात आला. १९२५ मध्ये तो आगीत भस्मसात झाल्यावर हिल, नॉर्मन अँड बियर्ड या कंपनीने १९२९ मध्ये नवा बांधून दिला, आणि पुढे अमेरिकेतील ओहायोच्या शांट्झ कंपनीने त्याचा जीर्णोद्धार करून २००१ मध्ये तो पुन्हा सभागृहाच्या स्वाधीन केला. त्यास साडेनऊ हजारांहून अधिक नळ्या आहेत, आणि त्यांतील थोरल्या नळ्या बत्तीस फुटी मापाच्या. नगरपालिका पूर्वी या वाद्यासाठी पगारी ऑर्गनवादक नेमीत असे. १९३१ पासून काही वर्षे त्या पदावर असलेले विल्यम मॅकी पुढे वेस्टमिन्स्टर ॲबीस गेले आणि १९५३ च्या राज्याभिषेक-समारंभातील संगीताची सूत्रे त्यांच्याकडे होती. इतक्या प्रतिष्ठित, इतक्या सरकारी थाटाच्या वाद्यापाशी ज्यांच्या संगीताचा उगम इटालियन भयपटांत आहे अशी तरुण मंडळी जाऊन बसतात, आणि ते वाद्य त्यांस नाही म्हणत नाही, याचे मला नवल वाटते आणि आनंदही.

ध्वनिमुद्रिका ऐकताना प्रथम ध्यानात येते ती हवा. नळ्यांच्या ऑर्गनमध्ये स्वर पट्टी दाबल्याबरोबर तत्काळ उमटत नाही. वारा नळीत शिरतो, स्तंभ कंप पावू लागतो, मग सभागृहाच्या भिंती तो नाद उचलतात, आणि या अल्पशा विलंबास ड्रमच्या काटेकोर ठेक्याशी जुळवून घ्यावे लागते. ‘द नाइट टेरर्स’नी ती अडचण झाकली नाही. ठेका एक पाऊल पुढे चालतो, ऑर्गनचा नाद मागून लाटेसारखा येऊन त्यास गाठतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये थेरेमिनची बारीक रेषा हेलकावत राहते. मेलोट्रॉनच्या आठ सेकंदांनी जशी १९७२ ची चाल घडविली, तशी या इमारतीच्या आकाराने २०१४ ची चाल घडविली आहे. सिमोनेत्तीच्या धुनेत ऑर्गन शेवटचा प्रहार म्हणून येतो. येथे तो आरंभापासून घरचा यजमान आहे. इटालियन वृंदांनी आपल्या देवळांतला आणि चौकांतला नाद इंग्रजी घाटात ओतला होता. मेलबर्नच्या मंडळींनी आपल्या नगरगृहातला नाद इटालियन घाटात ओतला. वारसा सांगण्याची ही जी रीत, तीच त्या जुन्या मंडळींची रीत होती, आणि या दृष्टीने पाहता ‘पाव्होर नॉक्टर्नस’ मला ‘मास्केरा’च्या सुबक कृतींपेक्षा ‘डार्विन!’च्या अधिक जवळची वाटते, जरी या दोहोंत एकही वाद्यसंगती समान नसली तरी.

या मतास कोणी आक्षेप घेईल, तो ऐकून ठेवला पाहिजे. शब्दांवाचूनच्या संगीतास आपण इटालियन परंपरेचे वंशज का म्हणावे, जर त्या परंपरेचा प्राण स्वभाषेत होता? आक्षेप वजनदार आहे, आणि ‘बांको’पुरता तो मला मान्यही आहे. दी जाकोमोचा वारस मेलबर्नमध्ये निपजणार नाही. तो इटलीतच, इटालियन बोलणाऱ्या घरात निपजला पाहिजे, आणि त्या कामी झुफांती आणि त्याच्या सहकाऱ्यांची राखण अमोल आहे. परंतु ‘गॉब्लिन’ची, ‘न्यू ट्रोल्स’च्या बरोक प्रयोगाची, वाद्यांच्या नाट्याची जी शाखा, तिला भाषेची मोहर लागत नाही, आणि तिची वहिवाट कोणासही करता येते, कसण्याची तयारी असेल तर.

पुढील लेखांचा क्रम मी ऐकण्याच्या सोयीने लावला आहे. ज्यांस हे संगीत नवे आहे त्यांनी प्रथम ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’ची ‘पेर उन आमीको’ ऐकावी, कारण ती सर्वांत सुखद आहे, मग ‘फेलोना ए सोरोना’, सलग, दोन्ही बाजू, मध्ये न उठता, मग ‘डार्विन!’, जिला दोन-तीन वेळा ऐकल्यावाचून दाद देता येत नाही. त्यानंतर ‘फोर मोमेंट्स’ची पहिली बाजू आणि ‘सुस्पीरिया’ या दोन्ही जवळजवळ ठेवून ऐकाव्या, म्हणजे त्या एका दशकाची रुंदी कळेल. ‘पाव्होर नॉक्टर्नस’ सर्वांत शेवटी ठेवावी, आणि ती कानात घालावयाच्या छोट्या यंत्रांवर ऐकू नये. थोरल्या नळ्यांचा खर्ज त्यांतून येत नाही, त्यासाठी घरातले मोठे ध्वनिक्षेपक जमिनीवर नीट टेकवून, शेजाऱ्यांस आधी कल्पना देऊन, आवाज सढळ ठेवावा.